सगळे एकाच कंपनीचे घ्यावे काय?

पत्र : आम्ही सांगलीत राहतो. घरात मी, पत्नी, आई आणि दोन मुले असे पाच जण आहोत. मुलीने नाटा परीक्षा दिली असून यंदा ती पुण्यात आर्किटेक्चरला जाईल असे दिसते. तिला मॅकबुक हवा आहे. मुलगा अकरावीत जाईल. तो मित्रांबरोबर घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर व्हॅलोरंट खेळतो आणि आता नवीन कॉम्प्युटर किंवा प्लेस्टेशन ५ मागतो आहे. मे महिन्यात माझे मेहुणे पुण्याहून आले होते. त्यांच्या घरी फोन, लॅपटॉप, टॅब, घड्याळ सगळे ॲपलचे आहे आणि ते सुरेख चालते. त्यांचे म्हणणे असे की, एकदाच काय तो खर्च करा आणि सगळे एकाच कंपनीचे घ्या, पुढची कटकट वाचेल. मुलगा मामाला म्हणाला की, याने कटकट वाचत नाही, माणूस बांधला जातो. वाद बराच रंगला आणि निर्णय माझ्यावर येऊन पडला. आमचे सगळ्यांचे फोन अँड्रॉइड आहेत आणि अडीच लाखांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. दोन अनुभवांनी मात्र मी धास्तावलो आहे. माझ्या फोनचा ८० वॅटचा चार्जर पत्नीच्या ४५ वॅटच्या लॅपटॉपला चालत नाही, आणि मुलाने हौसेने घेतलेला ब्लूटूथ हेडफोन मामाच्या प्लेस्टेशनला जोडताच आला नाही. वस्तू दिसायला सारख्या, पण एकीचा दुसरीशी मेळ नाही. अशा वेळी एकाच कंपनीच्या आसऱ्याला जाणे शहाणपणाचे नाही काय?
— एक वाचक, सांगली

सप्रेम नमस्कार.

उत्तर आधी सांगतो आणि कारणे मागाहून देतो. तुमच्या घरासाठी सगळी उपकरणे एकाच कंपनीची घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमचे मेहुणे जे सांगतात ते निव्वळ हौसेपोटी सांगतात असे मात्र समजू नका. त्यांना मिळणारे सुख खरे आहे. पण ते सुख एका माणसाच्या चार-पाच उपकरणांना मिळते, आणि तुमच्याकडे माणसेच पाच आहेत.

हा फरक नीट पाहिला पाहिजे. ॲपलने २०१४मध्ये आयफोन आणि मॅक यांना एकमेकांशी जोडणाऱ्या सोयी आणल्या आणि पुढे त्या वाढवत नेल्या. फोनवर आलेला कॉल लॅपटॉपवर घेता येतो, फोनवर कॉपी केलेला मजकूर लॅपटॉपवर पेस्ट करता येतो, मनगटावर घड्याळ असले की मॅक पासवर्ड न विचारता उघडतो. प्रोसेसर, ऑपरेटिंग सिस्टिम आणि यंत्र ही तिन्ही एकाच कंपनीच्या हातात असल्यामुळे तिला मोजक्याच जोड्या तपासाव्या लागतात. विंडोजला मात्र असंख्य कंपन्यांच्या सुट्या भागांशी जमवून घ्यावे लागते. परंतु या सोयी ज्या धाग्याने बांधलेल्या असतात, तो धागा म्हणजे एका व्यक्तीचे खाते. तुमचा आयफोन आणि मुलीचा मॅक यांच्यात एअरड्रॉपने फोटो जातील, फॅमिली शेअरिंगमधून सहा जणांपर्यंत विकत घेतलेली बरीचशी ॲप्स आणि क्लाउडवरची जागा वाटून घेता येईल, पण वर सांगितलेले सुख त्या दोघांत निर्माण होणार नाही. ते पाचही जणांना द्यायचे तर प्रत्येकाला किमान दोन वस्तू त्याच कंपनीच्या घ्याव्या लागतील, आणि हा हिशेब अडीच लाखांत बसणार नाही.

शिवाय तुमच्याच पत्रातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटली. सगळे एकाच कंपनीचे असलेल्या मेहुण्यांच्या घरातही एक प्लेस्टेशन आहेच. ते असणारच, कारण संपूर्ण घर पुरवू शकेल अशी एकही कंपनी आज नाही. ॲपल कन्सोल, म्हणजे प्लेस्टेशनसारखे खेळायचे यंत्र, बनवत नाही. सोनीने आपला व्हायो लॅपटॉपचा व्यवसाय २०१४मध्ये विकून टाकला. मायक्रोसॉफ्टचा फोनचा प्रयत्न फसला. गूगलने स्टेडिया ही खेळांची सेवा २०१९मध्ये सुरू केली आणि १८ जानेवारी २०२३ रोजी बंद केली. ग्राहकांचे पैसे तिने परत केले हे खरे, पण ज्यांनी तिच्या भरवशावर घरातली मांडणी केली होती त्यांना ती नव्याने करावी लागली. जाता जाता गूगलने एक चांगले काम केले : स्टेडियाच्या कंट्रोलरमधले बंद ठेवलेले ब्लूटूथ मोकळे करून देण्याची सोय दिली, त्यामुळे ज्यांनी ती वापरली त्यांचा कंट्रोलर आजही कॉम्प्युटरला आणि फोनला जोडता येतो. कंपनीचे घर गेले, पण सर्वमान्य पद्धतीने बोलणारी वस्तू राहिली. खरेदी करताना मी ज्याच्याकडे सर्वांत जास्त लक्ष देतो, ते हेच.

आता तुमच्या चार्जरकडे येतो, कारण त्या एका वस्तूत या विषयाचे बरेचसे मर्म आहे. ८० वॅटच्या अशा चार्जरवरची बारीक अक्षरे उजेडात धरून वाचा. काही चार्जरवर एका ओळीत ५ व्होल्ट, २ अँपिअर आणि दुसऱ्या ओळीत ११ व्होल्ट, ७.३ अँपिअर असे छापलेले असते. ११ आणि ७.३ यांचा गुणाकार ८० होतो. पण ही दुसरी ओळ फक्त त्याच कंपनीच्या फोनसाठी आणि त्याच कंपनीच्या केबलसाठी असते. तिघांची ओळख पटली तरच ती शक्ती मिळते. अनोळखी उपकरण जोडले की चार्जर पहिल्या ओळीवर येतो, म्हणजे १० वॅट. तुमच्या पत्नीचा लॅपटॉप मागतो १५ किंवा २० व्होल्ट, आणि तेही पॉवर डिलिव्हरी नावाच्या सर्वमान्य पद्धतीने. हा चार्जर ती पद्धत जाणत नसेल तर ८० वॅट असूनही तो लॅपटॉपच्या कामाचा नाही. चार्जरला जुनी चपटी, आयताकृती यूएसबी खाच असेल तर पॉवर डिलिव्हरीची आशा सोडूनच द्यावी, कारण ती पद्धत टाइप-सीच्या खाचेतूनच चालते. म्हणून घरासाठी पॉवर डिलिव्हरीचा ६५ वॅटचा, दोन टाइप-सी खाचा असलेला एक चांगला चार्जर घ्या. लॅपटॉप त्यावर पूर्ण वेगाने चार्ज होईल, फोन थोडा हळू होईल, आणि आईंचा फोन, टॅब, इअरबड्स या सगळ्यांना तो चालेल. दोन वस्तू एकदम लावल्या की ६५ वॅट त्यांच्यात वाटले जातात, एवढे ध्यानात असू द्या.

केबलचेही तेच. टाइप-सीची पिन एकसारखी असली तरी आतला माल सारखा नसतो. ६० वॅटहून अधिक शक्ती वाहून नेणाऱ्या केबलमध्ये स्वतःची क्षमता सांगणारी एक छोटी चिप असावी लागते. ती नसेल तर चार्जर कितीही मोठा असला तरी हात आखडता घेतो. वेगाचा फरक तर त्याहून मोठा आहे. फोनबरोबर मिळणारी साधी केबल बहुधा ४८० मेगाबिटची असते आणि चांगली केबल १०, २० किंवा ४० गिगाबिटची. मुलीला कॉलेजच्या प्रकल्पाच्या ५० जीबीच्या फाइल्स बाहेरच्या एसएसडीवर, म्हणजे वेगवान डिस्कवर, उतरवायच्या असतील तर पहिल्या केबलने कागदावरच्या हिशेबानेही सुमारे १४ मिनिटे लागतील आणि १० गिगाबिटच्या केबलने ४० सेकंद. प्रत्यक्षात दोन्हींना थोडा अधिक वेळ लागतो. आयफोन १५ला २०२३मध्ये टाइप-सी आले तेव्हाही साध्या मॉडेलला ४८० मेगाबिटचाच वेग दिला होता आणि १० गिगाबिटचा वेग प्रो मॉडेलसाठी राखून ठेवला होता. खाच एक झाली म्हणून उपकरणे एक होत नाहीत.

तरीही ती एक झाली हे फार चांगले झाले, आणि ते आपोआप झालेले नाही. युरोपीय संघाने कायदा करून २८ डिसेंबर २०२४पासून फोन, टॅब, कॅमेरे, हेडफोन, हातात धरून खेळायचे कन्सोल अशा उपकरणांना टाइप-सी बंधनकारक केले, आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. त्याच कायद्यात अशीही अट आहे की, वेगवान चार्जिंग देणाऱ्या उपकरणाला पॉवर डिलिव्हरी आलीच पाहिजे. कंपनीने आपली खासगी पद्धत वर जोडावी, पण सर्वमान्य पद्धतीची अडवणूक करू नये. माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांत ग्राहकाच्या बाजूने झालेला हा सर्वांत उपयुक्त नियम आहे. भारतीय मानक ब्युरोनेही टाइप-सीसाठी मानक प्रसिद्ध केले आहे. दुकानात मात्र आजही खोक्यावर ठळक छापलेला वॅटचा आकडाच दाखवला जातो. तुम्ही पॉवर डिलिव्हरीत किती वॅट मिळतात ते विचारा.

हेडफोनच्या बाबतीत तुमच्या मुलाचे काहीच चुकलेले नाही. प्लेस्टेशन ५ला साधा ब्लूटूथ हेडफोन थेट जोडता येत नाही आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या कन्सोललाही जोडता येत नाही. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोहोचतो, आणि माइक सुरू केला की आवाजाचा दर्जा खाली येतो. पाठीमागून येणाऱ्या पावलांचा आवाज ऐकून खेळायचे असते तेव्हा हा उशीर परवडत नाही. कंपन्यांनी त्यासाठी स्वतःचे बिनतारी हेडफोन काढले आणि ते अर्थातच महाग आहेत. याला सोपा पर्याय आहे : माइक असलेला, साध्या ३.५ मिलिमीटर पिनेचा हेडसेट. तो प्लेस्टेशनच्या कंट्रोलरला लागतो, एक्सबॉक्सच्या सध्याच्या कंट्रोलरला लागतो, कॉम्प्युटरला आणि लॅपटॉपला लागतो. त्याला चार्ज करावे लागत नाही आणि कोणत्याही कंपनीची परवानगी लागत नाही. आधीचा ब्लूटूथ हेडफोन फोनसाठी वापरू द्या.

मुलीच्या मॅकबुकविषयी लिहिताना मला थोडे वाईट वाटते, कारण तिची निवड चवीची आहे. बॅटरी, पडदा, वजन, शांतपणे काम करणे या सगळ्यांत ते यंत्र उत्तम आहे. पण तिचा विषय आर्किटेक्चर आहे, आणि त्या क्षेत्रात सर्रास वापरले जाणारे रेव्हिट हे इमारतींच्या आराखड्यांचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते. थ्रीडीएस मॅक्सचेही तेच. ऑटोकॅड, स्केचअप आणि ऱ्हायनो यांच्या मॅकसाठी आवृत्त्या आहेत, त्यामुळे पहिले वर्ष कदाचित निभावून जाईल. अडचण येईल ती पुढच्या वर्षांत, स्टुडिओतले सबमिशन तोंडावर असताना. पूर्वी इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्पने विंडोज घालता येत असे. २०२०पासून ॲपलने स्वतःच्या चिपा वापरायला सुरुवात केली आणि त्या यंत्रांवर ती सोय राहिली नाही. मॅकच्या आत आभासी विंडोज चालवण्याचे मार्ग आहेत, पण रेव्हिटसारखे जड सॉफ्टवेअर अशा कसरतीवर पाच वर्षे रेटण्याचा सल्ला मी देणार नाही.

प्रवेश पक्का झाला की कॉलेजातल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारून कोणती सॉफ्टवेअर प्रत्यक्ष लागतात त्याची यादी मुलीने स्वतः काढावी. यादीत रेव्हिट नसेल आणि मॅकवर सगळे भागत असेल तर तिला मॅकबुक जरूर घेऊन द्या. मात्र त्याची रॅम नंतर वाढवता येत नाही, म्हणून सुरुवातीलाच हात सैल सोडावा लागेल. रेव्हिट असेल तर स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेला विंडोज लॅपटॉप घ्या. त्यात १६ जीबी रॅम आणि वाढवण्यासाठी रिकामी जागा आहे ना, हे पाहा. टाइप-सीच्या खाचेतून बाहेरचा मॉनिटर चालतो का आणि चार्जिंगही होते का, हे दुकानातच लावून दाखवायला सांगा, कारण दिसायला तीच असलेली खाच काही लॅपटॉपवर फक्त फाइल्स पाठवण्यापुरती असते.

मुलाच्या मागणीत खरा पेच आहे, आणि तो यंत्राचा कमी व मित्रांचा अधिक आहे. व्हॅलोरंट २०२०मध्ये विंडोज कॉम्प्युटरसाठी आला आणि २०२४मध्ये प्लेस्टेशन ५ व एक्सबॉक्स सिरीज यांवरही आला. परंतु कन्सोलवरचे खेळाडू आणि कॉम्प्युटरवरचे खेळाडू त्यात एकमेकांबरोबर खेळू शकत नाहीत. माउसने नेम धरणाऱ्यापुढे कंट्रोलरवाल्याचा निभाव लागणे कठीण, म्हणून ही भिंत मुद्दाम ठेवलेली आहे. तेव्हा मुलाचे मित्र कॉम्प्युटरवर असतील आणि तुम्ही त्याला प्लेस्टेशन आणून दिलात, तर तुम्ही त्याला अधिक ताकदीचे यंत्र द्याल आणि त्याचा कट्टा काढून घ्याल. मॅकवर हा खेळ चालत नाही. लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवरही चालत नाही, कारण त्याच्याबरोबर येणारे व्हॅनगार्ड हे लबाडी पकडणारे सॉफ्टवेअर विंडोजच्या खोलात शिरून काम करते. म्हणजे निदान या खेळापुरता निर्णय झालेलाच आहे : विंडोज कॉम्प्युटर.

अशा भिंती कायमच्या असतात असे नाही. २०१८मध्ये फोर्टनाइट हा खेळ निन्टेंडो कंपनीच्या स्विच या कन्सोलवर आला तेव्हा ज्यांनी आपले खाते कधीकाळी प्लेस्टेशनला जोडले होते त्यांना ते स्विचवर वापरताच येईना; पैसे देऊन घेतलेले पोशाख आणि मिळवलेली प्रगती प्लेस्टेशनवरच अडकून पडली. जगभरच्या खेळाडूंनी एवढा गिल्ला केला की त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सोनीने माघार घेतली आणि इतर यंत्रांवरच्या खेळाडूंना दार उघडले. मॉनिटरच्या बाबतीतही असेच घडले. चित्र तुटू नये म्हणून ग्राफिक्स कार्डे बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०१३मध्ये जी-सिंक आणले, ज्यासाठी मॉनिटरमध्ये तिचा खास भाग लागे आणि मॉनिटर महाग पडे. तिची प्रतिस्पर्धी एएमडीने २०१५मध्ये खुल्या मानकावरचे फ्रीसिंक आणले. आणि २०१९च्या जानेवारीत एनव्हिडियाने आपली कार्डे खुल्या मानकाच्या मॉनिटरवरही चालतील अशी व्यवस्था केली. दरम्यान ज्यांनी साधा, सर्वमान्य पद्धतीचा मॉनिटर घेतला होता त्यांच्या मॉनिटरचे मोल एका सॉफ्टवेअर अपडेटने वाढले. म्हणून मुलाला मॉनिटर घेताना फ्रीसिंकचा घ्या. कार्ड पुढे कुणाचेही येवो.

माणूस बांधला जातो हे तुमच्या मुलाचे म्हणणे मला पटते, पण कॉम्प्युटर घेतला की आपण सुटलो असे त्यानेही समजू नये. खेळात माणसाला बांधून ठेवते ते विकत घेतलेल्या खेळांचे खाते. स्टीम या कॉम्प्युटरवरच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला खेळ प्लेस्टेशनवर चालत नाही आणि प्लेस्टेशनच्या दुकानातून घेतलेला खेळ कॉम्प्युटरवर येत नाही. प्रत्येक ठिकाणी पुन्हा पैसे मोजावे लागतात. एक्सबॉक्सने २०१६पासून काही खेळांना एकदा विकत घेऊन कन्सोल आणि विंडोज दोन्हींवर खेळण्याची सवलत दिली आहे, ती या नियमाला सन्माननीय अपवाद आहे. शिवाय असा डिजिटल खेळ आपल्या मालकीचा होत नाही, आपल्याला फक्त वापरण्याचा परवाना मिळतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून लागू झालेल्या कायद्याने तर दुकानांना हे ग्राहकाला स्पष्ट शब्दांत सांगणे भाग पाडले आहे. निन्टेंडोने थ्रीडीएस आणि वी यू या आपल्या जुन्या कन्सोलची ऑनलाइन दुकाने २०२३च्या मार्चमध्ये बंद केली, तेव्हापासून तिथे नवीन काही घेता येत नाही. मॅकवाल्यांना २०१९मध्ये वेगळाच फटका बसला : मॅकओएस कॅटालिनाने ३२-बिट सॉफ्टवेअर चालवणे थांबवले आणि पैसे देऊन घेतलेले कित्येक जुने खेळ एका अपडेटने निकामी झाले. विंडोजवर त्या काळातले बहुतेक खेळ आजही सुरू होतात. एकाच कंपनीच्या नीटनेटकेपणाची किंमत अशी उशिरा, आणि जुन्या वस्तूंच्या रूपाने, मोजावी लागते.

मुलगा पुढे खेळ विकत घेऊ लागला की स्टीमची कौटुंबिक सोय वापरा. एकाच घरातल्या सहा जणांपर्यंत खेळ वाटून घेता येतात, प्रत्येकाची प्रगती वेगळी राहते, आणि दोघे जण एकाच वेळी दोन वेगळे खेळ खेळू शकतात. तोच खेळ दोघांना एकदम हवा असेल तर मात्र दोन प्रती घ्याव्या लागतात. यात एक कलम मुलाला समोर बसवून वाचायला लावा : दुसऱ्याचा खेळ वापरून कुणी लबाडी केली आणि त्याच्यावर बंदी आली, तर ज्याने खेळ विकत घेतला त्याच्यावरही बंदी येऊ शकते. आणि कधीकाळी प्लेस्टेशन घ्यायचे ठरलेच तर डिस्क लावता येणारे घ्या. डिस्क मित्राला देता येते, जुन्या बाजारात विकता येते, आणि प्लेस्टेशन ४च्या बहुतेक डिस्क त्यात चालतात.

कॉम्प्युटर तयार न घेता असेंबल करून घ्यावा असे मी सुचवतो. सुटे भाग पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला थोडे स्वस्त मिळतीलही, पण वॉरंटीसाठी पुन्हा तिथे खेपा घालाव्या लागतात; सांगलीतलाच ओळखीचा, बिल देणारा असेंबलर मला बरा वाटतो. सुट्या भागांतही घराणी असतातच. सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची, प्रोसेसर बसवायची जागा. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७मध्ये घेतलेल्या अनेक मदरबोर्डांवर, बायोस (मदरबोर्डमधले मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केल्यानंतर, कित्येक वर्षांनी आलेले प्रोसेसरही बसले. २०२२मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटला २०२७पर्यंत आणि त्यापुढेही पाठिंबा देण्याचे एएमडीने सांगितले आहे. इंटेलने त्याच काळात सॉकेट अधिक वेळा बदलले. तुमच्यासारख्या, थोडे आज आणि थोडे पुढे खर्च करू इच्छिणाऱ्या घराला एएम५ सोयीचे पडेल. मात्र त्याला डीडीआर५ रॅमच लागते. जुन्या कॉम्प्युटरमधली डीडीआर३ किंवा डीडीआर४ रॅम त्यात बसणारच नाही, आणि ती वापरून पैसे वाचवून देतो असे कुणी सांगू लागला तर दुसरे दुकान शोधा. सुरुवातीला ज्याच्या आतच बऱ्यापैकी ग्राफिक्स आहे असा प्रोसेसर घ्यावा. व्हॅलोरंट त्यावर व्यवस्थित चालतो, आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड बारावी झाल्यावर घालता येईल. तेव्हा अडू नये म्हणून एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारे युनिट, मात्र आजच नामांकित कंपनीचे, ६५० वॅटच्या आसपासचे घेऊन ठेवा. विंडोज ११वर व्हॅनगार्डला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू असाव्या लागतात. नवीन मदरबोर्डमध्ये त्या असतातच, फक्त असेंबलरकडून बायोसमध्ये चालू करून घ्या.

फोन बदलण्याची काहीच निकड मला दिसत नाही. अमेरिकेत तरुण मुले आयफोनला चिकटून राहतात याचे एक मोठे कारण ॲपलची स्वतःची मेसेजची सेवा हे आहे. तिथल्या न्याय विभागाने २०२४च्या मार्चमध्ये ॲपलवर जो खटला भरला, त्यात हा मुद्दा आणि घड्याळ दुसऱ्या फोनला न जुळण्याचा मुद्दाही आहे. आपल्याकडे सगळा व्यवहार व्हॉट्सॲपवर चालतो आणि ते कोणत्याही फोनवर सारखेच चालते, त्यामुळे ती बेडी तुमच्या पायात नाही. घड्याळ घ्यायचे असेल तेव्हा मात्र जपून राहा. ॲपलचे घड्याळ अँड्रॉइड फोनशी जुळत नाही, आणि सॅमसंगचे नवे घड्याळ आयफोनशी जुळत नाही. इतकेच कशाला, सॅमसंगच्या घड्याळावरचा ईसीजी काढायला फोनही सॅमसंगचाच लागतो. आईंच्या तब्येतीसाठी घड्याळ घेण्याचा विचार असेल तर आधी त्यांच्या फोनची कंपनी पाहा आणि मग घड्याळ निवडा.

राहिला जुना डेस्कटॉप. विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, म्हणून त्यावर बँकेचे व्यवहार करू नका. मायक्रोसॉफ्टचे पीसी हेल्थ चेक हे मोफत ॲप त्यावर चालवून पाहा. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे चढणार नाही. तसे असेल तर त्यात एक एसएसडी आणि लिनक्स मिंट घालून घ्या, म्हणजे पत्र टाइप करणे, व्हिडिओ पाहणे आणि आईंचे नातेवाइकांशी बोलणे एवढ्या कामांना तो पुष्कळ वर्षे पुरेल. त्याआधी त्यातले घरचे सगळे फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या, आणि ती डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असू द्या. विंडोजची नेहमीची एनटीएफएस डिस्क मॅकवर वाचता येते, पण तिच्यावर काही लिहिता येत नाही, आणि मुलीने शेवटी मॅकबुकच घेतला तर तुम्हाला ती सगळी नक्कल पुन्हा करत बसावी लागेल.